नमुना दिला नाही

शेखर,

तुझ्या शोकसभेत तुला तीन वेळा लढवय्या म्हटलं गेलं. मी मोजलं, कारण समोरच्या तुझ्या फोटोकडे बघवत नव्हतं आणि दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. टोकियोत, ओजिमातला तोच हॉल, जो आपण गणपतीला घेतो. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, नियतीने क्रूर घाला घातला. लोकांनी माना हलवल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. मला उठून विचारावंसं वाटलं, की अहो, कुठली नियती? बोटभर प्लास्टिकची एक नळी होती. ती ह्या माणसाने भरली नाही. एवढंच झालं.

विचारलं नाही. चहाचे कागदी कप जळाऊ कचऱ्यात की वेगळे, यावर नंतर दारात चर्चा झाली आणि माणसं घरी गेली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात, मला माहीत आहे. पण तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि इतकी माणसं इतकं चांगलं बोलून गेली आहेत, की माझी त्यात भर पडायची गरज नाही. मला तुझा राग आलाय. राग हाही फार सभ्य शब्द झाला. तुझ्याबद्दल मला जे वाटतं त्यात तुच्छता बरीच आहे, आणि ती पुरून उरेल इतकी माझ्या वाट्यालाही आहे.

बारा वर्षं शेजारी राहून तू माझं काम कधी नीट ऐकून घेतलं नाहीस, म्हणून आज शेवटचं सांगते. स्टेशनजवळच्या सेन्सेईंच्या, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या, छोट्या दवाखान्यात मी आठवड्याचे चार दिवस काउंटरवर बसते आणि भारतीय पेशंट आले की दुभाषाचं काम करते. इथल्या वॉर्ड ऑफिसातर्फे चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करता येते. दोन दिवस, दोन नळ्या. नळीच्या झाकणाला काडी असते, ती शौचावर चार ठिकाणी फिरवायची, परत नळीत खुपसायची, वर तारीख घालायची आणि आणून द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. वर्षातून एकदा. एप्रिलमध्ये मी यादी काढते, कुणाची तपासणी राहिली आहे ते बघते, आणि फोन करते. जे ब्लडप्रेशरच्या, शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येतात त्यांना काउंटरवरच विचारते. सेन्सेईंचं म्हणणं असं, की जी माणसं महिन्याच्या महिन्याला आपल्या दारात येतात तीच जर निसटली, तर बाकीच्यांच्या नावाने गळा काढायचा आपल्याला अधिकार नाही.

तू ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येत होतास.

यादी आधी वहीत होती. ती एक्सेलमध्ये तू आणलीस, माझ्या स्वयंपाकघरात बसून, चार थालिपिठं खाऊन. राहिलेल्यांची ओळ लाल. नळ्या आल्या की हिरवी. आणि एक रकाना तू तुझ्या मनाने घातलास, ‘इतरत्र झाली’. त्यात खूण केली की ओळ करडी होऊन तळाला जायची आणि पुन्हा वर्षभर तोंड दाखवायची नाही. सेन्सेईंना तो इतका आवडला, की त्यांनी तुला दोन्ही हातांनी बिस्किटांचा डबा दिला. तू मला म्हणालास, “बघ मेधा, आता तुला डोकं वापरायची गरजच नाही.” मी तुझं ऐकलं, शेखर. खरोखर वापरलं नाही.

त्या करड्या ओळींत कोण कोण आहे ते कधी बघितलंस? जपानी म्हातारे नाहीत. ते निमूट नळ्या आणून देतात, वर कमरेत वाकून त्रासाबद्दल माफीही मागतात. करडी ओळ म्हणजे आपण. इंजिनियर, पीएचडी, पोस्टडॉक. मी फोन केला की ठरलेलं उत्तर. “अहो, आम्ही दिवाळीत पुण्याला जातोय ना, तिकडेच करून घेऊ.” दात पुण्याला, चष्मा पुण्याला, गुडघा पुण्याला. इथे विमा आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, पण आपला देह मात्र वर्षातले अकरा महिने वाट बघत बसतो, कधी एकदा सुट्टी मिळते आणि मला मायभूमीच्या लॅबमध्ये नेतात. आणि नेल्यावर तिथे काय? दोन लग्नं, एक मुंज, फ्लॅटचं काम, सासुरवाडी. त्यातून एक सकाळ काढायची, उपाशीपोटी जायचं, ‘फुल बॉडी’ करायची आणि तिथला फुकटचा उपमा खाऊन बाहेर पडायचं.

फुल बॉडी. हा शब्द तू काय ऐटीत उच्चारायचास! बॉडीतला एक भाग त्या फुलमध्ये कधीच मोडत नव्हता.

आणि तू कुणी गबाळा माणूस नव्हतास, म्हणून जास्त संताप येतो. दुधाचा खोका धुऊन, कापून, उलगडून, वाळवून, दोरीने बांधून ठेवणारा अख्ख्या इमारतीतला एकमेव पुणेकर तू. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी. नव्या बिऱ्हाडांना तू कचऱ्याचे वर्ग घ्यायचास. कुठल्या वारी काय टाकायचं, तुझ्या फ्रिजवर रंगीत तक्ता. त्याच फ्रिजवर माझ्या दवाखान्याचं नळ्यांचं पाकीट तीन वर्षं चुंबकाखाली लटकत होतं. मी तुमच्याकडे चहाला आले की मला दिसायचं. पिवळं पडलं होतं.

गणपतीत तू माझी नक्कल केलीस ती आठवते? मोबाईल कानाला लावून, माझा आवाज काढून, “नमस्कार, मी दवाखान्यातून मेधा. तुमच्या नळ्या अजून आल्या नाहीत हं. थंड जागी ठेवा हं. श्रीखंडाच्या शेजारी नको.” हॉल कोसळला हसून. त्यानंतर वर्षभर मला नळीवाली म्हणत होते. मीही हसले. सगळ्यात मोठ्याने बहुधा मीच हसले, कारण आपल्याला विनोद कळतो हे दाखवायचं असतं ना. त्या दिवशी हॉलमध्ये चाळिशीपुढची निदान तीसेक माणसं होती आणि त्यांतल्या एकानेही त्या वर्षी नळी आणली नाही. छान झाली नक्कल.

तुझ्याशी माझा वाद झाला होता, तो तिथेच पडून आहे. पुण्याहून आणलेली तुझी पहिली फाइल तू काउंटरवर आपटलीस तेव्हा. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसरं जोडपं, आत रंगीत आलेख. मी म्हणाले, “शेखर, यात नळीची तपासणी आहे का?”

“अगं, एन्टायर पॅकेज आहे. कपल पॅकेज. उज्ज्वलाचंही झालंय. चाळीस पानं आहेत, काय नसेल त्यात?”

“मग पान दाखव. मी कागद बघितल्याशिवाय खूण करत नाही.”

खोटं बोलत होते मी. त्याआधी कितीतरी जणांना नुसत्या फोनवर करडं करून टाकलं होतं. पण तू दुखावलास. मागे दोन आज्या बसल्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं, तरी तू आवाज खाली आणलास. “शिकलेल्या माणसांकडे पुरावे मागणार आता? माझ्याकडे?”

तेवढ्यात फोन वाजला. मी फाइल हातात घेतली, कोलेस्टेरॉलचं पान उघडलं, “वा, कमी झालंय की,” म्हणाले, आणि फाइल परत दिली. मग खूण केली. तुझी आणि उज्ज्वलाची. फाइल वजनदार होती, त्या वजनावर केली. पुढची दोन वर्षं तर तू फाइल आणायचीही तसदी घेतली नाहीस. “झालं गं पुण्यात,” म्हणायचास, गोळ्यांची पिशवी घ्यायचास आणि जायचास. आणि मी विचारलंही नाही. तुला पुन्हा दुखवायला नको म्हणून. शेजारधर्म.

किळस म्हणावी, तर तीही तुझ्यात नव्हती. हे मला सगळ्यात जास्त छळतं. भूकंप झाला तेव्हा, दोघांची बिऱ्हाडं इथे यायच्या आधी, आपण टोकियोबाहेर उरायासुत होतो, तोंडओळखीचे शेजारी. जमिनीतून चिखल वर आला, नळ बंद, गटारं फुटलेली. माझा नवरा तेव्हा कामासाठी पुण्यात होता आणि मी चौथ्या मजल्यावर एकटी, फोन लागत नव्हता. तू टोकियोहून चालत आलास, पहाटे पोचलास आणि स्वतःचं दार उघडायच्या आधी माझं वाजवलंस. “आहेस ना? बास.” एवढंच बोललास. पुढचे कितीतरी दिवस तू टँकरच्या रांगेत उभा राहून माझं पाणी वर आणलंस. आणि खालच्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना हलता येत नव्हतं, त्यांच्या संडासातल्या पिशव्या रोज सकाळी गाठ मारून खाली नेऊन ठेवायचास. तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. त्या रडायच्या लाजेने आणि तू त्यांना मोडक्या जपानीत सांगायचास, की यात काय, सगळ्यांचं सारखंच असतं. निम्मी भारतीय वस्ती विमानात बसून निघून गेली होती तेव्हा. तू राहिलास. म्हणून मी राहू शकले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आभार मानले असते तर तू थट्टा केली असतीस. तरी मानायला हवे होते.

म्हणजे दुसऱ्याची घाण तू उचललीस. स्वतःची तपासायला मात्र तुझा मान आड आला. मला वाटतं, तुला ती तपासणीच क्षुल्लक वाटायची. काडी, नळी, हाताने लिहिलेली तारीख. यात मशीन कुठे, आलेख कुठे? चांगल्या माणसाच्या चांगल्या पगाराला शोभेल असं काही नको?

मग तो ऑक्टोबर. तुला जिना चढताना धाप लागत होती आणि तू सगळ्यांना सांगत होतास, की चालण्याने वजन उतरलंय. सेन्सेईंनी तुझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि लगेच रक्त काढलं. दोन आठवड्यांत मोठ्या हॉस्पिटलचा कागद आला. आतड्यात होतंच, यकृतातही पोचलं होतं. सेन्सेईंनी तुला बोलावलं आणि पुण्याच्या तिन्ही फाइली घेऊन यायला सांगितलं. दुभाषी अर्थात मी.

ती दुपार मला पुसता येत नाही. तू खुर्चीत, फाइली मांडीवर. सेन्सेई प्रत्येक पान दाखवत होते आणि मी सांगत होते. थायरॉइड. व्हिटॅमिन डी. मूत्रपिंड. मग ते पान आलं, जे मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. शौच तपासणी, आणि पुढे एका ओळीत, नमुना दिला नाही. दुसरी फाइल, नमुना दिला नाही. तिसरी, नमुना दिला नाही. त्या लॅबने इमानदारीने लिहून ठेवलं होतं, तिन्ही वर्षं, ठळक अक्षरात.

तू मराठीत म्हणालास, “मेधा, ते राहू दे ना.”

मी सेन्सेईंकडे बघितलं. त्यांनी बोट त्याच ओळीवर ठेवलं होतं. मी भाषांतर केलं. तीनदा केलं. त्यांनी आपली यादी उघडली आणि हळू आवाजात विचारलं, “मग इथे खूण कशी आहे?”

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. तुझ्या त्या ऑफिसातल्या सफाईदार जपानीत. “मेधा-सान यांनी दर वर्षी विचारलं. कागदही मागितला. मीच त्यांना खोटं सांगितलं, की तपासणी झाली आहे. त्यांची चूक नाही.”

आणि मी गप्प बसले. दुभाष्याने मधे बोलायचं नसतं. किती सोयीचा नियम आहे.

तू मला वाचवलंस, आणि ते करताना तुझा चेहरा नेहमीसारखा होता, पाण्याचा कॅन खाली ठेवताना असायचा तसा. त्या क्षणी तुझ्याबद्दल जे वाटलं ते प्रेमच होतं, लपवून काय करू. आणि पाठोपाठ वाटलं, की हा मूर्ख अजूनही चांगुलपणा मिरवतोय. मरायला टेकलाय आणि शेजारणीची नोकरी सांभाळतोय. पुढचं दीड वर्ष मी तुझ्याकडे येत राहिले, वरणाचं पाणी घेऊन, मऊ भात घेऊन. एकदा विषय काढला, तर म्हणालास, “जाऊ दे गं. आता काय त्याचं.” तुझा हा ‘जाऊ दे’ मला कधीच आवडला नाही. त्या ‘जाऊ दे’वर आपली सगळी वस्ती चालते. उज्ज्वला शेजारीच बसलेली असायची. तिला तू तेच सांगितलं होतंस, जे सेन्सेईंना सांगितलंस. ती मला म्हणायची, “तू विचारत होतीस म्हणून तरी बरं. ह्यानेच ऐकलं नाही.” मी मान हलवायचे. पन्नाशी गाठायच्या आत माणूस चालला होता आणि त्याची बायको माझे आभार मानत होती.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सेन्सेईंना सांगितलं. उभं राहून, काउंटरच्या आत. की पहिल्या वर्षी विचारलं पण पान बघितलं नाही, नंतर विचारलंही नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले. मला वाटलं होतं, ते मला काढून टाकतील. निदान ओरडतील. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “अशा खुणा किती आहेत?” मी मोजून सांगितल्या. म्हणाले, “सगळ्या काढा. कागद डोळ्यांनी वाचल्याशिवाय एकही परत करू नका.” आणि थोड्या वेळाने, “ती यादी दर महिन्याला माझ्याही टेबलावर होती.” एवढंच.

तुझा तो लाडका रकाना मी रिकामा केला. तळाच्या करड्या ओळी एकेक लाल होऊन वर यायला लागल्या. त्यांत अध्यक्षही वर आले. नियतीवाले तेच. त्यांचा फोन मी मुद्दाम पहिला लावला. “अहो मेधाताई, आमचं पुण्यात...” “कागद घेऊन या,” मी म्हटलं. “आणि त्यात नसेल तर नळ्या घेऊन जा.” ते रागावले. रागावू देत. शिकलेल्या माणसांना पुरावे मागायचे असतात शेखर, त्यांनाच आधी मागायचे असतात. हा वाद मी जिंकलेय. अभिनंदन करायला तू नाहीस.

मग वर आल्या तुमच्या ओळी. तुझी मी काढली. तिथे काय खूण करणार? खाली उज्ज्वलाची, लाल. कपल पॅकेज. तुझ्या आजारपणातही तिची खूण मी न विचारता पुढे ओढली होती.

दोन दिवस तो फोन मी टाळला. तिसऱ्या दिवशी लावला. तुझ्या इराने उचलला, मी मराठीत विचारलं, तिने जपानीत उत्तर दिलं आणि आईला बोलावलं. मी उज्ज्वलाला म्हणाले, “तुझी तपासणी राहिली आहे. तीन वर्षांहून जास्त.”

“माझी पण?”

“फाइलमध्ये बघ. तुझ्याही पानावर तेच लिहिलेलं असणार.”

पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग ती म्हणाली, “तोच म्हणाला होता तिथे, सोड गं, घाण कुठे करत बसतेस. पण तू तर विचारत होतीस ना?”

“नाही,” मी म्हणाले. “एकदा विचारलं. पान बघितलं नाही. नंतर विचारलंच नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला. आणि मी ते चालू दिलं.”

तिने फोन ठेवला.

नऊ दिवस काही नाही. दार समोरासमोर आहे आपलं, पण तिचं दार माझी चाहूल लागली की बंद व्हायचं. मला तिचा राग रास्त वाटत होता. मला फक्त त्या नळ्या हव्या होत्या.

आज सकाळी ती आली. दवाखाना भरलेला होता, आज्या, आजोबा, खोकणारं एक मूल. ती रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने पिशवीतून पाकीट काढलं, दोन्ही नळ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मी हात पुढे केला तसा तिने आपला तळवा त्यांच्यावर झाकला.

“वाच,” ती म्हणाली.

“उज्ज्वला...”

“वाच. मोठ्याने. माझ्यासमोर.”

मी वाचलं. तिचं नाव. तिची जन्मतारीख. पहिला दिवस, कालचा. दुसरा दिवस, आजचा. मागच्या आज्या न कळून आमच्याकडे बघत होत्या. मी संपवलं तरी ती हलली नाही. तिने नळ्या उचलून एकेक माझ्या डोळ्यांसमोर धरली, मी परत वाचलं.

“आता कर खूण,” ती म्हणाली.